खेळ-कोपऱ्याची तालीम

"केतकी, इकडे ये. आधी इकडे ये म्हणते ना!"

ती आली नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याखाली तिचे पाय तेवढे दिसत होते.

थर्माकोलमधून कापलेल्या सात आकड्यावर चार नखं उमटली होती, ओळीने. सोनेरी रंग मी आदल्या दिवशीच दिला होता, डबीत आता थेंबभर रंग उरला नव्हता आणि परीक्षक यायला नऊ दिवस राहिले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पडदा सारला, तिचा हात धरला आणि त्या हातावर दोन चापट्या दिल्या.

"हात लावायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलंय? किती वेळा?"

"दहा वेळा," ती म्हणाली.

"मग?"

"मऊ आहे तो, आई. दाबलं की आत जातो."

पाच वर्षांची पोर. रडलीसुद्धा नाही. हात फ्रॉकला पुसत उभी राहिली, आणि मला वाटलं ही मुद्दाम करते. बाहेर दिवसभर दुसऱ्यांची चाळीस पोरं सांभाळायची आणि घरी आलं की ही!

तेवढ्यात आमचे हे ड्युटीवरून आले. एसटीत कंडक्टर होते. खांद्यावरची तिकिटांची पेटी खुंटीला अडकवली, कोपऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय गं, हा पोरीचा खेळायचा कोपरा आहे की गणपतीची आरास?"

"तुम्ही नका मध्ये बोलू. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत. म्हणून तर विचारतोय. आरती किती वाजता असते?"

केतकी खुदकन हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की ते हसू तिथेच आटलं.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कसली बाई!

मी बोरगेवाडीच्या प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. खाडे बाई म्हणजे पहिली, आणि पहिली म्हणजे खाडे बाई, असं गावात समीकरणच होतं. आणि याच खाडे बाईंच्या पोरीला पाटी बघितली की पोटात दुखायचं. बालवाडीत दाराशी बसून भोकाड पसरायची. पाच म्हण म्हटलं तर ओठ घट्ट मिटायची. पुढच्या जूनमध्ये ती माझ्याच वर्गात येणार होती. गावातल्या बायका पाण्याला जाताना हसून विचारायच्या, "काय बाई, केतकी येते का अजून बालवाडीच्या दारातनंच परत?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला रात्रंदिवस एकच घोर, की या पोरीला शिकायची गोडी कशी लागायची.

मारून बघितलं. खाऊ देऊन बघितलं. शेवटी एक दिवस कंटाळून पाटी ठेवली फळीवर आणि बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं. त्यात काडेपेटीचे रिकामे कप्पे दोन ओळीत मांडले, दहा. प्रत्येकावर आकडा लिहिला आणि तिला म्हटलं, "ही घे तुझी एसटी. ही बाकडी. पप्पांसारखी माणसं बसव." माणसं म्हणजे चिंचोके.

झालं! पोरगी अशी काही लागली त्या एसटीच्या मागे की जेवायला उठेना. "चला चला, पुढं सरका, आत जागा आहे!" बापाचा आवाज काढून ओरडायची. तीन नंबरच्या बाकावर तीन, पाचवर पाच. एकदा सातवर आठ चिंचोके दिसले. मी म्हटलं, "अगं, सातवर आठ कसे?" तर म्हणते कशी, "त्यातला एक मांडीवर बसलाय. मांडीवरच्याला तिकीट नसतं." मी पदर तोंडाला लावून हसले. हिला सात कळला होता, आठ कळला होता आणि सातात आठ का बसत नाहीत तेसुद्धा कळलं होतं!

मग मी तराजू केला. दोन करवंट्या, सुतळी आणि शाळेतली एक मोडकी फूटपट्टी. त्या तराजूने तिने घरातलं काही म्हणून सोडलं नाही. वांगं, लसूण, बापाची टोपी, माझा चष्मा. "आई, दोन वांगी म्हणजे एक बटाटा!" असं ओरडत अंगणातून आली तेव्हा मी पोळी तव्यावर जळू दिली आणि तिच्याबरोबर बघायला गेले. खरंच होतं. त्या दिवसांत ती संध्याकाळी मला फाटकाशी गाठायची आणि विचारायची, "आई, आज काय जोखायचं?" बालवाडीतलं रडणंही थांबलं होतं.

तेवढ्यावर मी थांबले असते तर!

थोरात साहेब आमचे केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा त्यांच्याकडे, मोटारसायकलवरून फिरायचे. एकदा पावत्यांवर सही घ्यायला घरी आले आणि केतकी अंगणात एसटी आणि तराजू मांडून बसली होती. साहेब उकिडवे बसले, एक चिंचोका उचलला, तिने त्यांना दटावलं, "ओ, तिकीट काढा आधी!"

साहेब खूश. "बाई, हे स्पर्धेत का घालत नाही? यंदा नवीन विभाग आहे. शिक्षकाच्या घरातला खेळ-कोपरा. परीक्षक घरी येऊन बघणार, मूल कसं खेळतं ते."

"हे? साहेब, हे काय, करवंट्या आहेत नुसत्या."

"जरा सजवा की. जरा डोळ्यात भरेल असं करा."

साहेबांचं ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं आणि बसलं. शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धेत दोन वर्षं माझा दुसरा नंबर आला होता. दोन्ही वर्षं पहिला शेजारच्या शाळेतल्या शेवाळे बाईंचा. त्यांचं साहित्य म्हणजे नुसता झगमगाट. वेलवेट पेपर, चकचकीत कागद, लेस, वर जिलेटीनचं आवरण. आमच्याकडे तेव्हा सगळ्या शाळांत हीच पद्धत, साहित्य करायचं ते प्रदर्शनासाठी. प्रदर्शन झालं की कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. पोरांनी हात लावला तर खराब होईल ना!

मी कामाला लागले. खोक्याच्या झाकणाची एसटी कशी दाखवणार? थर्माकोल आणला. लाल वेलवेट पेपरची एसटी केली, दीड हात लांब, चाकांना चंदेरी कागद. चिंचोके सांडतात, घरभर होतात, दिसतातही गबाळे. म्हणून रंगीत मणी आणले आणि ते बाकड्यांवर चिकटवूनच टाकले. एकवर एक, दोनवर दोन, दहावर दहा. चुकायची भानगडच नाही.

केतकीने ती एसटी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिचे डोळे केवढे झाले होते! मग तिने बोटाने एक मणी ओढून बघितला.

"आई, हे उतरत का नाहीत?"

"चिकटवलेत ते."

"पण त्यांचा स्टॉप आला तर?"

"नाही येत त्यांचा स्टॉप. हात काढ."

तराजूचंही तेच. करवंट्या काढल्या, प्लॅस्टिकच्या वाट्या लावल्या, सोनेरी लेस लावली, वर मोराचं चित्र. त्या मोरामुळे दांडी एका बाजूला जरा अडकायची, पण दिसायला असा देखणा की बघत राहावं. जुना तराजू मी दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात घातला, खोक्याची एसटी नि चिंचोके यांच्यासकट. करवंटी छान पेटते. पाणी लवकर तापलं.

संध्याकाळी केतकीने घरभर शोधला. पलंगाखाली, फळीखाली, तुळशीपाशी.

"आई, माझा तराजू कुठाय?"

"हा काय, नवा केलाय ना तुझ्यासाठी? मोरबिर आहे बघ."

"हा नको. माझा."

"तो गेला जुना झाला म्हणून. आणि ह्याला आत्ता हात लावू नकोस, डिंक वाळायचाय."

डिंक त्या दिवशी रात्रीच वाळला असणार. पण हात लावू नकोस हे चालूच राहिलं, पुढचे दोन महिने. मग तो नखांचा प्रकार झाला आणि मी सगळ्या कोपऱ्यावर जुनी साडी पांघरून टाकली.

शेवटचे आठ दिवस तर विचारू नका. रंग आणायला तालुक्याला कोणी जाईना. ह्यांना सांगितलं तर दोनदा विसरून आले आणि तिसऱ्यांदा सोनेरीच्या जागी पिवळा आणला. "तेवढंच ते," म्हणे. तेवढंच! नाकीनऊ येणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. त्यात फॉर्म भरायचा होता. 'साहित्य किती काळापासून वापरात आहे?' मी लिहिलं, दोन वर्षांपासून, दररोज. शेवाळे बाई काय खरं लिहीत होत्या?

आणि मग माझ्या लक्षात आलं, की परीक्षक पोरीला खेळताना बघणार, आणि पोरीला हे खेळताच येत नाही. येणार कसं? हातच लावू दिला नव्हता. मग मी तिला खेळायची तालीम द्यायला सुरुवात केली. हो, खेळायची तालीम! हसा, हसा. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

"आधी एसटी. काय म्हणायचं?"

"चला चला, पुढं सरका."

"मोठ्याने. आणि हसून. मग मणी मोजायचे, पण बोट टेकवायचं नाही, वरूनच दाखवायचं. मग तराजू. एकीकडे लिंबू, एकीकडे पेरू. काय म्हणायचं?"

"पेरू जड, लिंबू हलकं." मग ती वाट्यांकडे बघत राहिली. "पण आई, पेरू खाली जातच नाही."

"जात नसला तरी म्हण."

"पण गेला नाही तर जड कसा?"

"केतकी, माझं डोकं फिरवू नकोस हं! पेरू जडच असतो. म्हण, पेरू जड."

"पेरू जड."

रोज संध्याकाळी अर्धा तास. पहिले दोन दिवस ती मधेच उठून पळायची, मग पळायची बंद झाली. चौथ्या दिवशी तिला सगळं पाठ झालं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. हे दारात बसून विडी ओढत होते. "आमच्या डेपोत नवीन ड्रायव्हरला एवढी तालीम नसते," म्हणाले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

परीक्षक दहाला येणार होते, बारा वाजता आले. थोरात साहेब आणि तालुक्याहून आलेल्या डांगे मॅडम. दोन तास मी केतकीला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, घाम येऊ नये म्हणून वारा घालत. तहान लागली तरी पाणी घोटभरच दिलं. मधेच शू लागली तर काय करता?

मी साडी काढली. मॅडमच्या तोंडून "अय्या!" निघालं.

"कर सुरू, बाळ," साहेब म्हणाले.

आणि केतकीने काय केलं सांगू! एक चूक नाही. चला चला, पुढं सरका, हसून, मोठ्याने. बोट न टेकवता दहापर्यंत मणी. पेरू जड, लिंबू हलकं. मी केलेल्या पुठ्ठ्याच्या घड्याळात तीन वाजले, काटा सावकाश फिरवून. मी तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर ओठ हलवत होते. खेळून झाल्यावर तिने कोणी न सांगता साडी उचलली, सगळ्यावर नीट पांघरली, कडा सारख्या केल्या आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार."

"वा! वा! काय शिस्त आहे!" डांगे मॅडम म्हणाल्या. त्यांनी साडीचं टोक उचलून एसटी पुन्हा बघितली. "आणि दोन वर्षं रोज वापरूनसुद्धा साहित्य किती नवंकोरं! बाई, हे जमायला हवं हो सगळ्यांना."

दाराशी ह्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते उठून अंगणात गेले.

मॅडमनी केतकीला जवळ घेतलं. "मला सांग हं, यातलं तुला सगळ्यात काय आवडतं?"

हे तालमीत नव्हतं. केतकीने मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनी एसटीकडे खूण केली, तिला ती कळली नाही. दोन महिन्यांची मेहनत, आणि आता ही पोर काय बोलते कोण जाणे!

"आईला विचारून सांगते," केतकी म्हणाली.

दोघंही केवढ्याने हसले. मीही हसले, जिवात जीव आल्यावर माणूस हसतं तसं. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी चहाचा ट्रे पुढे करताना तिरक्या नजरेने वाचलं, 'मूल आज्ञाधारक'.

पहिला नंबर आला. शेवाळे बाई तिसऱ्या. तालुक्याला सभागृहात शाल, प्रशस्तिपत्रक, टाळ्या. साहित्य महिनाभर प्रदर्शनात राहिलं आणि एप्रिलच्या शेवटी एका टेंपोतून परत आलं. मी ते ट्रंकेत भरून ठेवलं.

आज केतकी पस्तिशीची आहे. चांगल्या नोकरीत आहे, कामात चोख आहे, साहेब सांगतील तेवढं बिनचूक करते. हे सगळं तिला आठवतं की नाही, मी कधी विचारलं नाही. हिंमत नाही म्हणा.

तर त्याच वर्षी मे महिन्यात सुट्टी लागली. दुपारी ती पायरीवर बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. पूर्वी तिला बस म्हटलं तरी बसायची नाही. मी म्हणायची, "जा, खेळ जा काहीतरी." ती म्हणायची, "काय खेळू?" मी चिडायची. "काय खेळू म्हणजे? आता ते पण मीच सांगायचं?" ती म्हणायची, "हो." ऐकून माझं डोकं भणाणून जायचं. दिवसात चार वेळा हेच.

एका दुपारी हे जेवून उठता उठता म्हणाले, "स्पर्धा संपली ना तुझी? मग दे की तिचं तिला."

मला राग आला, तरी उठले. ट्रंक ओढली. वेलवेट एका कडेने उचकटलं होतं, चंदेरी चाक एक गळालं होतं. म्हटलं, आता काय, खराब झालं तरी चालेल. चाकूच्या टोकाने मी बाकड्यांवरचे मणी एकेक करून काढायला बसले. पंचावन्न मणी. डिंक असला घट्ट होता की दोन नखं मोडली माझी. तराजूवरचा मोर उपटून टाकला, दांडी दोन्ही बाजूंनी खाली-वर होते का बघितलं, झाली. शेजारून मूठभर चिंचोके मागून आणले. सगळं घराच्या मधोमध फरशीवर मांडलं आणि मनात म्हटलं, आता बघा कशी उडी मारते ते!

"केतकी! ये गं, बघ काय काढलंय!"

ती पायरीवरून उठून दारात आली. एसटी बघितली, तराजू बघितला, चिंचोके बघितले. मग मागे न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. परत आली तेव्हा हातपाय धुतलेले होते, तोंडाला पावडर होती, थोडी भुवयांवरही सांडली होती, आणि केस ओले करून तिने स्वतःच भांग पाडला होता. एसटीच्या मागे, तालमीत उभी राहायची त्या जागी जाऊन ती उभी राहिली.

"आई, कोण येणारेय?"

"कोणी नाही गं. तुझ्यासाठी काढलंय. खेळ तू."

"साहेब पण नाही?"

"नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. हे बघ, आता उतरतात सगळे, मणी काढून टाकलेत मी." मी चिंचोके तिच्या तळहातावर ठेवले. "बसव कुठेही. सातवर आठ बसव, काही बोलणार नाही."

तिने चिंचोक्यांकडे बघितलं. मुठीत धरले, मोजले नाहीत.

"मग कशाला काढलंस?" ती म्हणाली.

तिने चिंचोके डब्यात घातले, एसटी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि काही मोडू नये म्हणून जपून ट्रंकेत ठेवायला लागली.